दोन्ही उत्तरं प्लस, मग खोडायचं कुठलं?

प्रश्न: सर, माझी मुलगी दहावीत आहे. वर्गसमीकरणाची शाब्दिक उदाहरणं सोडवते, पण शेवटी दोन उत्तरं आली की अडते. क्लासमध्ये सांगितलंय, मायनस आलं की खोडायचं. परवा गणित होतं, ३० बाय २० मीटरची बाग, आतून चारही बाजूंनी सारख्या रुंदीचा रस्ता, मधलं लॉन ३३६ चौरस मीटर, तर रस्ता किती रुंद? उत्तरं आली ३ आणि २२. हिने २२ लिहिलं, मार्क गेले.
– एक आई, चाळीसगाव

उत्तर: ताई, आकडेमोड बरोबरच आहे हो तिची. रस्ता क्ष धरला की लॉन (३०−२क्ष) बाय (२०−२क्ष), त्यावरून क्ष²−२५क्ष+६६=०, म्हणजे क्ष ३ नाहीतर २२. आता २२ परत घालून बघा, लॉनच्या बाजू येतात −१४ आणि −२४, आणि गंमत म्हणजे त्यांचाही गुणाकार ३३६च, म्हणून समीकरण काही कुरकुरत नाही, त्या बिचाऱ्याला बाग कुठे माहितीये! मायनस होतंच, फक्त क्षमध्ये नाही, लॉनमध्ये लपलेलं. तेव्हा क्लासचा नियम मला अर्धवट वाटतो. आकृती काढायची, उत्तर घालायचं आणि प्रत्येक बाजू तपासायची.

हा घोळ जुनाच आहे. तुमच्याच तालुक्यातल्या पाटणशी ज्यांचं नाव जोडलंय त्या भास्कराचार्यांच्या बीजगणितात वानरांचं गणित आहे: कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून जे येईल त्याच्या वर्गाइतकी वानरं गुहेत गेली, एक झाडावर दिसतंय, तर एकूण किती? उत्तरं ५० आणि ५. पाच घेतलं तर पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की −२, वर्ग ४, झाडावरचं १ धरून ५, हिशोब जुळतो! तरी त्यांनी ५ सोडून दिलं, असं ऋण लोकांना पटत नाही म्हणून. हिचं २२ त्याच जातीचं.

पण दर वेळी एक खोडायलाच हवं असंही नाही बरं का. घराच्या भिंतीला लागून आयताकृती जागा, बाकी तीन बाजूंना मिळून ४० मीटर तार, क्षेत्रफळ १५० चौरस मीटर. भिंतीपासून निघणारी बाजू क्ष धरली तर क्ष(४०−२क्ष)=१५०, उत्तरं ५ आणि १५. जागा ५ बाय ३० किंवा १५ बाय १०, दोन्ही चालतात, दोन्ही लिहायची. फक्त भिंतच २० मीटरची आहे असं गणितात दिलेलं असेल तर ५ गेलं, ३० मीटरची बाजू टेकवणार कुठे?