जी प्रत उघडलीस, तिचाच पत्ता दे

प्रिय,

“‘गुलामगिरी’ 1873 सालची आहे, मग संदर्भात 1873 लिहिलं तर चुकलं कुठे?” हा तुझा प्रश्न वाचला आणि त्यामागची तगमगही कळली. चुकलं ते असं की 1873 ची प्रत तू पाहिलेलीच नाहीस. तुझ्यासमोर होतं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’. पृष्ठांक तू त्यातला घेतलास आणि साल पहिल्या आवृत्तीचं लावलंस. असं साल आणि असं पान असलेलं पुस्तक कुठल्याच ग्रंथालयात नाही. तुझ्यावर विश्वास ठेवून कुणी जुनी प्रत काढली, तर त्या पानावर त्याला दुसराच मजकूर दिसेल, नाहीतर तेवढी पानंच नसतील.

जी प्रत उघडलीस, तिचाच पत्ता दे. याबाबतीत मी हट्टी आहे आणि हट्टीच राहणार.

नोंद अशी होते: फुले, जोतीराव, ‘गुलामगिरी’, कंसात पहिल्या आवृत्तीचं साल 1873, मग समग्र वाङ्मयाचं नाव, संपादक, प्रकाशक, गाव, हातातल्या प्रतीचं साल आणि पृष्ठ. संपादक आठवणीवर लिहू नकोस. या ग्रंथाची 1969 ची आवृत्ती धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केली. नंतरच्या सुधारित आवृत्तीवर य. दि. फडके यांचं नाव आहे. दोन्हींत पृष्ठांक सारखेच असतील असं धरून चालू नकोस. मुखपृष्ठावरून तर नोंद करूच नये. आतलं शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू बघायची. आपल्याकडे नुसत्या पुनर्मुद्रणावरही ‘तिसरी आवृत्ती’ छापलेलं आढळतं. जे छापलं आहे ते तसंच उतरवून घे. जुन्या पुस्तकावर फक्त शके असेल तर 78 मिळवायचे, पण जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतच्या काळाला 79. महिना कळत नसेल तर शकेच लिही आणि कंसात दोन्ही इसवी सनं दे.

पीडीएफवर वाचत असशील तर आणखी एक खड्डा आहे. पडद्यावर दिसणारा आकडा फाइलमधल्या पानाचा असतो. मुखपृष्ठ, प्रस्तावना, अनुक्रमणिका धरून तो पुढे गेलेला असतो. पानावर छापलेला आकडा घ्यायचा.

आता साम्य तपासणाऱ्या यंत्राने तुझ्या निबंधात दाखवलेल्या त्या 22 टक्क्यांविषयी. “मी शब्द बदलले होते” हे मला पुन्हा सांगू नकोस. ‘प्रतिपादन’च्या जागी ‘मांडणी’ आणि ‘अन्याय’च्या जागी ‘जुलूम’ घातलास, पण वाक्याचा सांगाडा, मुद्द्यांचा क्रम, उदाहरणंसुद्धा मूळ लेखकाचीच राहिली. पुस्तक मिटून ठेव, परिच्छेद आपल्या शब्दांत लिही, मग पुस्तक उघडून ताडून बघ. सलग शब्द तेच आले असतील तर सरळ अवतरणचिन्हांत घाल. आणि संपूर्ण आपल्या शब्दांत लिहिलं तरी विचार त्यांचाच आहे, तेव्हा पृष्ठ द्यावंच लागतं. अवतरणालाच संदर्भ लागतो ही समजूत कुठून पसरली कोण जाणे, पण ती फार नुकसान करते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीला तू घाबरली आहेस. ती नीट वाच. 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. 10 ते 40 टक्क्यांमध्ये लेखन दुरुस्त करून जास्तीत जास्त सहा महिन्यांत पुन्हा द्यावं लागतं. त्यापुढे शिक्षा कडक होत जाते. पण हे प्रबंध आणि लघुप्रबंधासाठी आहे. असाइनमेंट, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल त्यातून वगळलेले आहेत. तुझ्या निबंधाला तुझ्या विभागाचा नियम लागू. सलग 14 शब्दांपर्यंतची जी सूट आहे, ती सर्वज्ञात माहिती किंवा योगायोगाने जुळलेल्या शब्दांना आहे. तेरा-तेरा शब्द उचलायचा तो परवाना नव्हे. आणि टक्के कमी आले म्हणजे संदर्भ बरोबर आहेत असंही होत नाही. यंत्र जुळणारे शब्द मोजतं, ते पान तू उघडलं होतंस की नाही हे त्याला कळत नाही.

शोधगंगेवरच्या, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातल्या, एखाद्या प्रबंधात अवतरण सापडलं आणि मूळ पुस्तक मिळालं नाही, तर मूळ लेखकाचं नाव देऊन पुढे ‘उद्धृत’ लिही आणि त्या प्रबंधाचं पान दे. यात कमीपणा कसला? कमीपणा आहे तो मूळ पुस्तक वाचल्याचा आव आणण्यात. प्रबंधकाराने टंकताना केलेली चूक तुझ्या निबंधात जशीच्या तशी उतरते आणि नक्कल तिथेच उघडी पडते. चॅटबॉटने दिलेल्या संदर्भयादीचंही तेच. लेखक खरा, प्रकाशक खरा, पुस्तक मात्र अस्तित्वातच नाही, असं त्यात घडतं. उघडलं नाहीस तर लिहू नकोस.

अवतरणातलं शुद्धलेखन सुधारू नकोस. एकोणिसाव्या शतकातल्या मजकुराला 1962 चे नियम लावून अनुस्वार उडवलेस, तर ते फुल्यांचं वाक्य उरत नाही. गाळलं तिथे तीन टिंबं, आपण घातलेला शब्द चौकटी कंसात, इंग्रजीतून तू उतरवलेल्या उताऱ्याशी ‘अनुवाद माझा’.

‘तत्रैव’, म्हणजे ‘वरच्या टिपेतल्याच पुस्तकात’, हा शब्द शेवटच्या खर्ड्यापर्यंत वापरूच नकोस. मध्ये एक नवी टीप शिरली की खालचं ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतं. तोवर ‘फुले, गुलामगिरी, पृ.’ एवढं पुरतं. संदर्भ देण्याची पद्धत एमएलए की एपीए हे विभाग सांगेल तसं, फक्त शेवटपर्यंत एकच. संदर्भयादी वर्णानुक्रमे संगणकाकडून लावून घेतलीस तर क्षीरसागर ‘क’मध्ये जाऊन बसतील, ‘क्ष’ कुठे ठेवायचा ते आधी ठरव आणि हाताने लाव.

तुझ्या निबंधातल्या सात टिपांना पृष्ठांक नाहीत. त्या मी पेन्सिलने खुणावल्या आहेत. ग्रंथालयात जाऊन एकेक पान उघड. ज्याचं सापडणार नाही ते वाक्य काढून टाक, मग ते कितीही आवडतं असो. शनिवारी ग्रंथालय अर्धा दिवसच असतं, तेव्हा सकाळीच जा.