हात हलवला की चित्र हलते, अशा प्रदर्शनाला मोठ्यांनी जावे का?

भिंतीवरचे चित्र आपल्या हालचालीला प्रतिसाद देते, पाय टाकला की जमीन उजळते, अशा प्रदर्शनाला मुले सोबत नसताना जाण्यात काही अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. अशी चार-पाच प्रदर्शने पाहिल्यानंतर मी म्हणेन, अवश्य जावे. मात्र दालनात शिरताक्षणी हातवारे सुरू करू नयेत.

आधी कडेला उभे राहून इतरांकडे पाहावे. एका दालनात अंधाऱ्या भिंतीवरून प्रकाशाचे दाणे ओघळत आणि प्रेक्षकाच्या सावलीवर वाळूसारखे साचत. बहुतेक जण दोन्ही हात झटकून, फोटो काढून अर्ध्या मिनिटात पुढे सरकले. एक वयस्कर बाई मात्र ओंजळ करून निश्चल उभ्या राहिल्या. ओंजळ भरून काठावरून सांडू लागली, तेव्हा त्यांनी बोटे किंचित फाकवली आणि सावलीतून दाण्यांची बारीक धार लागली. त्या कलाकृतीला हे येते, हे मला त्या बाईंमुळे कळले.

या प्रकारच्या कलेत संयमाला पहिल्यापासून मोल आहे. लंडनमध्ये १९६८ साली भरलेल्या ‘सायबरनेटिक सेरेंडिपिटी’ या प्रदर्शनात एडवर्ड इह्नाटोविच यांचे ‘सॅम’ नावाचे यांत्रिक शिल्प होते. ते आवाजाच्या दिशेने वळत असे, पण आरडाओरड्याला नव्हे, तर हळू आणि सलग आवाजाला; त्यामुळे त्याने आपल्याकडे पाहावे म्हणून लोक बराच वेळ त्याच्यापुढे गुणगुणत राहत. डॅनियल रोझिन यांच्या १९९९ सालच्या ‘वुडन मिरर’मध्ये तर पडदाच नाही: लाकडाचे ८३० चौकोनी तुकडे, प्रत्येकामागे एक मोटर, आणि समोरच्या माणसाला टिपणारा कॅमेरा. तुकडे कमीअधिक कलतात, त्यांवरचा उजेड बदलतो आणि लाकडात आपला चेहरा उमटतो.

कोणतीही हालचाल केली तरी तीच फुले उधळणारी दालनेही पुष्कळ असतात, आणि ती मला जत्रेतल्या पाळण्याहून फारशी वेगळी वाटत नाहीत. (पाळण्यात मी हौसेने बसतो, ही गोष्ट निराळी.) पारख सोपी आहे: आपण हालचाल बदलून पाहावी, आणि प्रतिसादही बदलला तरच तिथे थांबावे.

शक्य असल्यास दार उघडताच जावे, कारण गर्दी वाढली की कॅमेऱ्याला आठ माणसांच्या सावल्यांचा एकच गोळा दिसतो. काळे कपडे टाळावेत. ‘रेन रूम’सारख्या कलाकृतीत, जिथे माणूस असेल तिथला पाऊस थांबतो, तिथे काळे कपडे संवेदकांना नीट ओळखता येत नाहीत, आणि घाईने चालणारा तर कोणत्याही रंगाच्या कपड्यांत भिजतो.