यातल्या कुठल्या आकड्यामुळे मला रडू येतं?

बाईंनी प्लास्टिकची फाइल टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवूनच बसल्या. आत दहा महिन्यांतले चार रिपोर्ट होते. पुण्याला नोकरी करणारा मुलगा मोबाइलवरून 'फुल बॉडी' पॅकेज बुक करायचा, सकाळी सातला रक्त घ्यायला माणूस दारात आणि संध्याकाळपर्यंत पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर. बाईंनी त्याच्या प्रिंट काढून पिवळ्या हायलायटरने खुणा केल्या होत्या, पेपर तपासावेत तशा.

"मॅडम, मला एवढंच सांगा. यातल्या नेमक्या कुठल्या आकड्यामुळे मला रडू येतं?"

वय 46, अनुदानित शाळेत शिक्षिका. गावात सगळे त्यांना बाईच म्हणतात, म्हणून इथेही तेच. बाकी ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

खुणा केलेले आकडे असे: हिमोग्लोबिन 9.8, बी-12 168, ड जीवनसत्त्व 14, एचएस-सीआरपी (शरीरातला दाह मोजणारी तपासणी) 6.2. थायरॉइड आणि साखर ठीक. सीआरपीभोवती पेनाने दोन गोल काढलेले, कारण भाच्याने कुठलासा व्हिडिओ पाहून सांगितलं होतं, "मामी, तुझ्या मेंदूला सूज आलीय, त्याने डिप्रेशन येतं." मिस्टरांचा हिशेब त्याहून सोपा होता. आकडे नॉर्मलला आणायचे, रडणं आपोआप थांबेल.

हा प्रश्न माझ्याकडे दर आठवड्याला कुणी ना कुणी घेऊन येतं. कधी उलट्या बाजूने येतो: रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग मला होतंय ते खोटं का?

मी फाइल बाजूला सारत नाही, याला एक जुनं कारण आहे. मी समुपदेशन करते; व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत कॉलेजातली एक मुलगी यायची. सुस्ती, कशात मन नाही, वजन वाढतंय, सारखी झोप. मी सहा बैठका तिच्याशी आई-वडिलांच्या अपेक्षांवर बोलत राहिले. सातव्या वेळी ती टीएसएचचा, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीचा, रिपोर्ट घेऊन आली. आकडा इतका वर होता की मला खुर्चीत बसवेना. थायरॉइड मंदावलं की हा आकडा चढतो आणि माणूस हुबेहूब उदास दिसतो. तेव्हापासून पहिल्याच भेटीत विचारते, रक्त कधी तपासलंय?

तर बाईंच्या खुणा एकेक करून घेतल्या. हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे बाईमाणसाला रक्त कमी. त्यांची पाळी जायच्या बेतात होती आणि दर महिन्याला रक्तस्राव फार व्हायचा. जिना चढताना धाप लागते, त्याचं कारण तिथे होतं. बी-12 कमी, घर शाकाहारी, तळपायाला मुंग्या. बी-12 ची कमतरता मनालाही मरगळ आणते, स्मरणावरही परिणाम करते. या दोन्हींवर इलाज हवाच होता. ड जीवनसत्त्वाबद्दल मात्र मी फारशी उत्साही नाही. हाडांसाठी डॉक्टर देतील तर जरूर घ्यावं, पण अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या 18,353 लोकांवर मोठी चाचणी झाली, काहींना रोज ड जीवनसत्त्व आणि काहींना नुसती दिसायला तशीच गोळी, सुमारे पाच वर्षं. 2020 मध्ये निकाल आला: नैराश्य टाळण्यात काही फरक पडला नाही.

राहिला सीआरपी. भाचा अगदीच हवेत बोलत नव्हता. शरीरात कुठेही दाह असला की यकृत हे प्रथिन जास्त बनवतं. नैराश्याच्या रुग्णांत त्याची सरासरी इतरांपेक्षा थोडी जास्त निघते आणि साधारण पाव रुग्णांमध्ये तो 3 च्या वर सापडतो. हिपॅटायटिस सी साठी पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत, तेव्हा त्या औषधानेच अनेकांना नैराश्य यायचं, म्हणजे दाह आणि मन यांचा धागा खरा आहे. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात तर औषधांना दाद न देणाऱ्या 60 रुग्णांवर संधिवातात वापरतात ते दाह कमी करणारं इन्फ्लिक्सिमॅब वापरून पाहिलं. 2013 मध्ये निष्कर्ष आला की सगळ्यांचा मिळून विचार केला तर खोट्या औषधापेक्षा ते सरस नाही, पण ज्यांचा सीआरपी 5 च्या वर होता त्यांना फायदा झाल्यासारखा दिसतो.

"म्हणजे माझा 6.2..." बाई पुढे सरकल्या.

"बाई, वर्गाची सरासरी 62 आली, तर पहिल्या बाकावरच्या पोराला किती पडले ते सांगता येईल?"

त्या पहिल्यांदा हसल्या. शिक्षिकेला सरासरी समजावून सांगावी लागत नाही. सीआरपी 1 च्या आत असूनही खोल नैराश्यात असलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि 8 घेऊन मजेत हिंडणारीही. लठ्ठपणा, सिगारेट, सर्दी-ताप, गर्भनिरोधक गोळी, हिरड्यांची सूज, कशानेही तो वर जातो.

भाच्याची पुढची सूचना होती 'सेरोटोनिन टेस्ट', म्हणजे मूडशी जोडल्या जाणाऱ्या रसायनाची तपासणी, करून घ्यायची. त्यावर मात्र मी पैसे वाचवा म्हटलं. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात बनतं आणि रक्तातलं मेंदूत शिरत नाही, मग दंडातून काढलेलं रक्त मेंदूबद्दल काय सांगणार? रक्ताने नैराश्य पकडायची हौस काही आजची नाही. 1981 मध्ये डेक्सामेथासोन नावाच्या गोळीवर बेतलेल्या एका चाचणीचा मोठा गाजावाजा झाला होता. पुढे वजन उतरलेल्या, दारू सोडणाऱ्या, दुसऱ्याच आजाराच्या माणसांतही ती 'पॉझिटिव्ह' येऊ लागली आणि निदानासाठी मागे पडली.

मग मी नैराश्य मोजायचा नऊ प्रश्नांचा कागद पुढे केला, पीएचक्यू-9. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, एवढंच त्यात विचारतात. गुण जितके जास्त तितकं नैराश्य खोल; जास्तीत जास्त 27, बाईंना 17. नवव्या प्रश्नाशी, मरून गेलेलं बरं असं वाटतं का, तिथे पेन थांबलं. 'काही दिवस' वर खूण झाली. हा प्रश्न मी कधी कागदावर सोडत नाही, तोंडाने विचारते. ठरवून काही केलं नव्हतं, साठवलंही नव्हतं. "सकाळी उठलंच नाही तर बरं, इतकंच वाटतं." फाइलच्या मागच्या पानावर मी 14416 लिहून दिला, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं.

त्यांच्या घरच्या डॉक्टरांना मी चिठ्ठी दिली. त्यांनी लोह आणि बी-12 ची इंजेक्शनं सुरू केली, रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं आणि, मला हे सुचलं नसतं, तोंड उघडायला सांगितलं. अक्कलदाढेखाली पू होता.

दाढ गेली. सहा आठवड्यांनी सीआरपी 1.4.

बाई रिपोर्ट घेऊन आल्या त्या चिडूनच. "आकडा उतरला, मॅडम. मी तशीच." धाप कमी झाली होती, मुंग्या गेल्या होत्या, दुपारी शाळेत डोळा लागत नव्हता. पीएचक्यू मात्र 16.

त्या दिवशी रिपोर्टबद्दल बोलायचं संपलं, म्हणून बाकीचं बोलणं झालं. मी विचारलं, हे कधीपासून? दोन वर्षांपूर्वीच्या जूनपासून. पटावरून शाळेत किती शिक्षक ठेवायचे ते ठरवतात, त्या संचमान्यतेत पटसंख्या कमी भरली, बाई 'अतिरिक्त' ठरल्या, समायोजन झालं 38 किलोमीटरवरच्या शाळेत. एकवीस वर्षं एका शाळेत. सेवापुस्तकात तो शब्द लिहिलेला त्यांनी पाहिला. "अतिरिक्त," त्या म्हणाल्या, "म्हणजे नको असलेलं." हे घरी कुणाला बोलल्या नव्हत्या. नोकरी तर टिकली, मग रडायचं काय?

इथे मला त्यांच्या फाइलचं गणित कळलं. त्यांच्या घरात बाईमाणसाच्या रडण्याला कागद लागत होता. ताप थर्मामीटर दाखवतो, साखर मशीन दाखवतं, रडणं कोण दाखवणार? बाई दहा महिने रक्तात साक्षीदार शोधत होत्या.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला त्यांना आणखी दोन बैठका लागल्या. तिथे पहिला प्रश्न आला तो उलट दिशेचा: कधी चार-पाच दिवस झोप न लागता भरपूर उत्साह, वारेमाप खर्च, डोक्यात सुसाट विचार? नव्हतं. हे विचारणं फार महत्त्वाचं, कारण बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी असा अतिउत्साह येणारा आजार, असताना नुसती नैराश्याची गोळी दिली तर काहींचं मन उलट टोकाला उधळतं. केंब्रिजच्या संशोधकांनी 2023 मध्ये बोटातून घेतलेल्या रक्ताच्या वाळवलेल्या थेंबावरून, नुसतं नैराश्य की बायपोलर, हा फरक ओळखायचा प्रयत्न मांडला. प्रश्नावली आणि थेंब एकत्र केल्यावर निकाल सुधारला, नुसत्या थेंबावर बहुतेक रुग्ण निसटतच होते. मूडच्या आजारात रक्ताचं रोजचं काम वेगळंच आहे. माझ्याकडे येणारा एक मुलगा लिथियम या बायपोलरच्या औषधावर आहे, त्याची पातळी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी तपासतात, सोबत थायरॉइड आणि किडनी. तिथे एक आकडाही चुकवून चालत नाही.

बाईंना गोळी सुरू झाली, आमच्या बैठकाही चालू राहिल्या. चौथ्या महिन्यात पीएचक्यू 8 वर आला आणि त्या वेळी मिस्टर सोबत आले होते. त्यांनी सवयीने विचारलं, "नवीन रिपोर्ट कुठाय?" मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी होकाराची मान हलवली, तेव्हा पहिल्या दिवशीचा नऊ प्रश्नांचा कागद मी मिस्टरांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला. तिसऱ्या ओळीवर, झोपेच्या प्रश्नाशी, बोट थांबलं. बाजूला बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: रोज पहाटे चारला जाग.

"मला वाटायचं, ही पाणी भरायला उठते," ते म्हणाले.

"नळाला पाणी सहाला येतं," बाई म्हणाल्या.