पत्र छापून येत नाही, आणि घरचे म्हणतात नाद सोड

(एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात: आमच्या भागातल्या एका नेत्याने जाहीर सभेत विरोधकांना 'कीड' म्हटलं, 'चिरडून टाका' म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी स्थानिक वृत्तपत्राला पत्रांवर पत्रं पाठवली, एकही छापलं नाही. नवरा म्हणतो, नाव आलं तर लोक दारात येतील. टोपणनावाने लिहू, की सोडून देऊ?)

ताई,

संपादकांना धाडलेल्या एका पत्राची प्रत जोडलीत ते बरं केलंत. स्पष्टच सांगते, मीही ते छापलं नसतं. त्या नेत्याचं वाक्य शेवटच्या परिच्छेदात येतं. त्याआधी पक्षाचा इतिहास, त्याची मालमत्ता आणि त्याचे समर्थक किती 'बिनडोक', हे सगळं. अहो, तेच लोक तर ते पान वाचणार! नेता तुमच्या पत्राने बदलणार नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एखाद्याचा हात पुढच्या वेळी अडखळावा, म्हणून लिहायचं.

सगळा जोर 'कीड' या शब्दावर द्या. 'चिरडून टाका'चा अर्थ 'मतपेटीतून' असा होता, असं तो उद्या सहज म्हणेल. पण माणसाला किडा ठरवलं की त्याला मारताना वाटणारी लाजच निघून जाते. आफ्रिकेतल्या रवांडात १९९४ च्या नरसंहाराआधी तिथल्या तुत्सी समाजाच्या लोकांना छापील मजकुरातून आणि रेडिओवरून 'झुरळं' म्हटलं जात होतं. पुढे २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने ज्यांना दोषी ठरवलं, त्यांत 'कांगुरा' या नियतकालिकाचा संपादकही होता. (हे तुमच्या माहितीसाठी. पत्रात रवांडा आणलंत, तर 'काहीही काय!' म्हणून वाचक पान उलटेल.)

चिथावणी गुन्ह्यापर्यंत पोहोचते का, हे पारखण्यासाठी २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने मोरोक्कोतल्या रबात इथे निकष ठरले: कोण बोललं, कोणत्या वातावरणात, कोणत्या हेतूने, नेमकं काय, किती जणांपुढे, आणि त्यातून खरंच काही घडण्याची शक्यता किती. तुम्हाला खटला भरायचा नाही, पण यातल्या दोन-तीन गोष्टी पत्रात नेमक्या आल्या तरी ते वजनदार होईल. सभेची तारीख लिहा, वाक्य जसंच्या तसं द्या आणि त्या नेत्याला एकच प्रश्न विचारा: हा शब्द मागे घेणार का? दीडशे शब्दांत बसवा, नाहीतर संपादकांची कात्री नको तिथे चालेल. तुमच्या आवडत्या पक्षाचा कुणी असं बोलला असेल, तर तेही त्याच पत्रात येऊ द्या. जड जाईल, पण त्याशिवाय समोरचा ऐकणार नाही.

टोपणनाव नको. निनावी पत्रं बहुतेक संपादक बाजूलाच ठेवतात. मात्र खरं नाव-पत्ता त्यांना कळवून 'नाव प्रसिद्ध करू नये' अशी विनंती करता येते. आधी फोन करून विचारा. नवऱ्याची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. नाव द्यायचं की नाही, हे दोघांनी बसून ठरवा. चार-पाच जणांच्या सह्या मिळाल्या तर रोख एकट्या तुमच्यावर राहणार नाही. थेट धमकी आली, तर मात्र पत्रबित्र बाजूला ठेवून पोलिसांत तक्रार करा.

त्या मालमत्तेच्या मजकुराबद्दल: कागद हातात असतील तर ते बातमीदाराकडे द्या. नसतील तर तो भाग कुठेच लिहू नका.