परदेशात अँग्लिकन मंडळी उभारताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही इंदूरच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीचे सभासद. लेक-जावई जर्मनीतल्या एका लहान गावी असतात. भारतीय, नायजेरियन, इंग्रज अशी चौदा-पंधरा माणसं महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमतात. आता रीतसर मंडळी स्थापावी, स्वतःचा पाळक आणावा असं त्यांना वाटतं. सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, रेसिडेन्सी भाग, इंदूर

उत्तर : पाळक आणि जागा, दोन्ही तूर्त बाजूला ठेवायला सांगा. सुरुवात बिशपांपासून होते. त्यांची परवानगी नसेल तर जमलेली माणसं हा प्रार्थनागट असतो, अँग्लिकन मंडळी नव्हे. आपण सीएनआयचे असल्यामुळे परकेपणाचा प्रश्न येत नाही. १९७० साली नागपुरात सहा चर्चेस एकत्र आली, त्यांत भारतातलं अँग्लिकन चर्चही होतं, आणि सीएनआय आजही अँग्लिकन कम्युनियनचा, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडशी नातं असलेल्या जगभरच्या चर्चेसच्या परिवाराचा, घटक आहे. जाताना बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे (बाप्तिस्म्यानंतर बिशपांच्या हातून होणाऱ्या विधीचे) दाखले आणि इथल्या पाळकांचं पत्र मात्र बरोबर हवं.

जर्मनीत दोन अँग्लिकन व्यवस्था शेजारी-शेजारी चालतात. एक चर्च ऑफ इंग्लंडचा युरोप डायोसिस, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतला विभाग. तो आजच्या रूपात १९८० पासूनचा. बर्लिन, हॅम्बुर्ग, स्टुटगार्ट इथल्या मंडळ्या त्याच्या. दुसरी अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चची, म्हणजे तिथल्या अँग्लिकन चर्चची. म्युनिक, फ्रँकफुर्ट, वीसबाडेन तिच्याकडे. दोन्हीकडे एकदम अर्ज टाकू नये, दोन्हीकडची माणसं दुखावतात. सर्वांत जवळची मंडळी ज्यांची असेल, तिच्या चॅप्लेनना (तिथल्या पाळकांना) आधी प्रत्यक्ष भेटावं आणि त्यांच्यामार्फत वर लिहावं. पत्रात नेमाने येणारे किती, मुलं किती, जवळच्या चर्चला जायला किती वेळ लागतो, आणि कोण किती वर्षं तिथे राहणार हे स्पष्ट असावं.

यातली शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची. परदेशातल्या मंडळ्या भांडणांपेक्षा बदल्यांनी जास्त मोडतात. तिघं-चौघं सगळा भार ओढतात, आणि एखाद्या उन्हाळ्यात पियानो वाजवणारी, खजिनदार आणि हॉलची किल्ली सांभाळणारा असे तिघेही गाव सोडतात. म्हणून प्रत्येक कामाला दोन माणसं नेमा. त्यांतलं एक तरी तिथेच घर करून राहिलेलं असावं.

बहुधा सुरुवातीला जवळच्या मंडळीची शाखा म्हणून राहायला सांगतील. नाराज होऊ नये, ही व्यवस्था खरोखर चांगली आहे. त्यांचे चॅप्लेन ठरलेल्या रविवारी येऊन प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) देतात, बाकीचे रविवार आपण चालवायचे. मुलांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाची पडताळणी आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण आधी व्हायला हवं. ‘आमच्या ओळखीचे आहेत’ म्हणून इथे कुणालाही सूट देऊ नये. पुढे स्वतंत्र मंडळी झाली की दोन चर्चवॉर्डन (मंडळीने निवडलेले कारभारी), कौन्सिल, सेक्रेटरी, खजिनदार, सभासदांची यादी आणि वार्षिक सभा हे सगळं लागतं. या गोष्टींची सवय शाखा असतानाच लावून घ्यावी.

पैसे कुणा एकाच्या खासगी खात्यात ठेवू नयेत. तो माणूस गाव सोडून गेला की हिशेबही त्याच्याबरोबर जातो. जर्मनीत संस्था नोंदवायला किमान ७ सदस्य लागतात. घटनेवर त्यांच्या सह्या होतात, नोंदणीच्या अर्जावरच्या सह्या नोटरीकडून प्रमाणित करून कागद कोर्टात जातात. करखात्याने सार्वजनिक हिताची संस्था म्हणून मान्यता दिली, की देणगीदारांना करसवलतीची पावती देता येते.

आणखी एक ठिकाण सांभाळायचं. गावात राहायला आल्यावर पत्ता नोंदवताना फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. आपले लोक सहज तिथे ‘प्रोटेस्टंट’ लिहितात आणि पगारातून चर्चकर कापला जाऊ लागतो. हा कर आयकराच्या ९ टक्के, बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ८ टक्के असतो. तो जर्मन प्रोटेस्टंट चर्चला जातो, अँग्लिकन मंडळीच्या हाती काही येत नाही. नंतर नाव काढायचं तर सरकारी कचेरीत जाऊन रीतसर जाहीर करावं लागतं.

पाळकाचा खर्च म्हणजे पगार, घर, आरोग्यविमा, पेन्शन आणि प्रवास. युरोपातल्या मंडळ्यांना यासाठी इंग्लंडहून पैसा येत नाही. १८२५ च्या कायद्याने ब्रिटिश सरकार परदेशातल्या वकिलातींच्या ठिकाणी, तिथले रहिवासी जितकी वर्गणी जमवतील तितकीच भर घालत असे. ती मदत त्याच शतकात बंद झाली. तेव्हा दानपात्रातल्या चिल्लर-नोटांवर अंदाज बांधू नका. प्रत्येक कुटुंबाकडून पुढच्या वर्षाची मासिक रक्कम लिहून घ्या आणि तेवढीच धरा. पंधरा माणसांत पूर्णवेळ पाळक परवडत नाही, हे आताच सांगणं बरं. जागेसाठी गावात ओल्ड कॅथलिक चर्च (रोमपासून वेगळं झालेलं कॅथलिक चर्च) आहे का पाहावं. १९३१ च्या बॉन करारापासून त्यांचा आणि अँग्लिकन चर्चचा पूर्ण सहभाग आहे, म्हणजे त्यांच्या वेदीजवळही आपल्याला हक्काने जाता येतं.

प्रश्न : मुलगा परदेशात अशाच एका गटाची उपासना चालवतो. पाळक नसतील त्या रविवारी प्रभुभोजन देता येईल का? सामान काय लागतं? – एक आई, मोरार, ग्वाल्हेर

उत्तर : प्रभुभोजनाचा विधी दीक्षित पाळकांनीच करायचा, त्याला पर्याय नाही. इतर रविवारी सकाळची किंवा संध्याकाळची प्रार्थना, स्तोत्र, शास्त्रपाठ, मध्यस्थीची प्रार्थना हे सगळं आपल्यातलं कुणीही चालवू शकतं. उपदेशासाठी मात्र बिशपांचा परवाना असलेला रीडर (पाळक नसलेला उपदेशक) किंवा चॅप्लेननी पाहून दिलेला मजकूर असावा. पाळकांनी आधी पवित्र केलेली भाकर दुसरीकडे नेऊन वाटायलाही बिशपांची परवानगी लागते.

सामान थोडंच लागतं. पांढरं स्वच्छ कापड, एक प्याला, एक ताटली, पाण्याचं छोटं भांडं, हात पुसायचा रुमाल. भाकर गव्हाचीच, खमिराची वा बेखमिराची चालते. चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमाप्रमाणे द्राक्षारस आंबवलेला लागतो. आपल्याकडे काही ठिकाणी मनुका उकळून केलेला रस वापरतात, तो तिथे चालणार नाही. तीस माणसांना साधारण २०० मिली पुरतो. प्याला भरताना हात आखडता ठेवा, कारण पवित्र केलेला रस ओतून देता येत नाही, उरलेला तिथेच पिऊन संपवावा लागतो. गाडी चालवत आलेल्या पाळकांवर ती वेळ आणू नये. कमी पडला तर आणखी ओतून पाळक पुन्हा प्रार्थना म्हणतात.

प्रश्न : भाचा दोहाला नोकरीला आहे. खोलीवर मित्रांना जमवून चर्च सुरू करू का, असं विचारतो. – एक वाचक, फतेहगंज, वडोदरा

उत्तर : करू नये. युरोपातली रीत आखातात लागू पडत नाही. कतारमध्ये सार्वजनिक उपासना दोहाबाहेर मेसाइमीरला ठरवून दिलेल्या आवारात होते. अँग्लिकन चर्च ऑफ द एपिफनी तिथेच आहे. इमारतीवर बाहेरून क्रूस दिसत नाही, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने कुणाला तरी बरोबर न्यावं. १९७६ साली स्थापन झालेल्या सायप्रस आणि आखात डायोसिसचं हे चर्च. आवारातले हॉल अनेक भाषांच्या मंडळ्या वेळापत्रकाने वापरतात, तेव्हा मराठी उपासना हवी असेल तर चॅप्लेनना भेटून वेळ मागावी. मुख्य उपासना शुक्रवारी असते, कारण सुट्टी तेव्हा. अमिरातीत मात्र २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आहे, त्यामुळे तिथला अनुभव दोह्याला धरून चालू नये. ओळखपत्र जवळ असावं, आणि कतारी नागरिकांना उपासनेला बोलावू नये. धर्मप्रसाराबद्दल तिथला कायदा कडक आहे.