वाचकांचे प्रश्न : खोली २४ अंश, बिअर किती?

प्रश्न : ह्यूस्टनमध्ये घरी २० लिटर पेल एल केली. यीस्ट यूएस-०५. एसी कायम २४ अंशांवर होता. तरी बिअरला नेलपेंट रिमूव्हरसारखा वास येतो आणि घसा जळजळतो. काय चुकलं?

उत्तर : तुम्ही खोलीचं तापमान मोजलंत, बिअरचं राहिलं. साखर खाताना यीस्ट उष्णता सोडतं. शेणखताचा ढीग आतून तापतो, तसंच हे. आंबणं ऐन जोरात असताना बिअर भोवतालच्या हवेपेक्षा ३ ते ५ अंश गरम असते, म्हणजे तुमची २८च्या आसपास गेली असणार. एवढ्या उष्णतेत यीस्ट जड अल्कोहोलं जास्त बनवतं, त्यांनी घसा जळतो. रिमूव्हरचा वास इथिल अ‍ॅसिटेटचा, तेही यीस्टच बनवतं. ही बिअर मुरवूनही फारशी सुधारणार नाही.

बहुतेक नुकसान पहिल्या ७२ तासांत, यीस्ट वाढत असताना होतं. म्हणून वर्ट (यीस्ट घालण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) आधी १७-१८पर्यंत गार करा आणि मगच यीस्ट घाला. 'गरम असतानाच घालू, रात्रीत निवेल' हा हिशेब हमखास फसतो. पहिले चार दिवस बिअर १८-१९वर धरा. जोर ओसरला की २१पर्यंत चढू द्या. तेव्हाच गार केलीत तर यीस्ट तळाशी बसतं आणि आंबताना बनलेलं डायअ‍ॅसिटिल शोषून घेत नाही, मग त्याचा लोण्यासारखा वास बिअरमध्ये तसाच राहतो.

फ्रीज नसेल तर फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) मोठ्या टबात ठेवा आणि बिअरच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरा. बाटल्यांत पाणी गोठवून त्या टबात सोडा. गोठताना पाणी फुगतं, म्हणून बाटल्या काठोकाठ भरू नका. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता ओढतो. २० लिटर बिअर आणि टबातलं २० लिटर पाणी त्यानं साधारण २ अंशांनी उतरतं. खोलीची ऊब सतत आत येतच असते, तेव्हा सकाळ-संध्याकाळ दोन-दोन बाटल्यांनी सुरुवात करा आणि थर्मामीटर पाहून कमीजास्त करा. ओला टीशर्ट गुंडाळून पंखा लावायची युक्ती फीनिक्सच्या कोरड्या हवेत छान चालते. ह्यूस्टनच्या दमट हवेत पाणी फार कमी उडतं.

जुना फ्रीज मिळाला तर सोन्याहून पिवळं. त्याला तापमान-नियंत्रक जोडा, पण सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका, नाहीतर पुन्हा हवाच मोजाल. तो फर्मेंटरच्या अंगाला, बिअरच्या पातळीखाली चिकटवा आणि वरून फोमचा तुकडा घट्ट टेपनं बांधा. नियंत्रकावरचा फरक (ठरवलेल्या तापमानापासून किती ढळल्यावर फ्रीज चालू व्हावा) अर्धा अंश ठेवा, कॉम्प्रेसरला किमान पाच मिनिटांची विश्रांती द्या.

(महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही. हे उत्तर जिथे मुभा आहे तिथल्यांसाठी.)

प्रश्न : गॅरेज ३२ अंशांवर असतं. बर्फाचा खटाटोप जमणार नाही. काही उपाय?

उत्तर : यीस्ट बदला. नॉर्वेच्या व्हॉस भागातलं क्वाइक नावाचं यीस्ट ३० ते ४० अंशांत स्वच्छ आंबवतं, संत्र्याची हलकी झाक देतं. हलक्या, म्हणजे कमी साखरेच्या वर्टमध्ये त्याला पोषण कमी पडतं, म्हणून यीस्ट न्यूट्रिएंट घाला. आणि रात्री गॅरेज गार पडत असेल तर फर्मेंटरला गोधडी गुंडाळा.