एनएचएसमध्ये मॅनेजर म्हणून यायचंय? तिथे निर्णय कसे होतात ते आधी बघा

तुमचा प्रश्न वाचला. खासगी हॉस्पिटलच्या ऑपरेशन्समध्ये नऊ वर्षं झाली आहेत, एमएचए (हॉस्पिटल प्रशासनातली पदव्युत्तर पदवी) केलेलं आहे आणि आता इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, एखाद्या ट्रस्टमध्ये (हॉस्पिटलं चालवणाऱ्या संस्थेत) मॅनेजर म्हणून यायचा विचार आहे. तुम्ही नेमकं विचारलंय की तिथे मॅनेजरच्या हातात निर्णय असतो का, की नुसते कागद पुढे सरकवायचे. मी इथे हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. व्हिसाबद्दल काही लिहीत नाही, ते नियम सारखे बदलतात. सरकारी संकेतस्थळावर त्या दिवशी जे असेल तेच धरा.

निर्णय हातात असतो, हुकूम नसतो. मालक-डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन दहा मिनिटांत होकार आणायची सवय असेल, तर पहिले काही महिने फार जड जातील. इथे अशी केबिनच नसते. ट्रस्टच्या प्रत्येक विभागाला बहुतेक ठिकाणी तिघं मिळून चालवतात: क्लिनिकल डायरेक्टर (म्हणजे डॉक्टर), हेड ऑफ नर्सिंग आणि जनरल मॅनेजर. तुम्ही या तिसऱ्या खुर्चीच्या किंवा तिच्या खालच्या फळीच्या दिशेने येताय. त्या तिघांत एकाचं मत जुळलं नाही, तर बाकी दोघांना पुढे रेटता येत नाही, निदान रेटू नये.

एक साधं उदाहरण घ्या. ओपीडीची रांग वाढलीये म्हणून गुरुवारी संध्याकाळी एक जादा क्लिनिक सुरू करायचंय. तुमच्या सध्याच्या जागी हे काम एका फोनचं असेल. इथे कन्सल्टंटचा (म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टरचा) आठवडा त्याच्या जॉब प्लॅनमध्ये बांधलेला असतो. पूर्ण वेळ म्हणजे 10 सत्रं, साधारण चार-चार तासांची. संध्याकाळचं क्लिनिक हवं तर त्यातलं दुसरं काय काढायचं, हे त्याच्याशी बसून ठरवावं लागतं. नर्सेसचं आणि रिसेप्शनचं वेळापत्रक कायमचं बदलणार असेल तर युनियनला धरून रीतसर सल्लामसलत होते. खर्च तुमच्या अधिकारमर्यादेच्या वर गेला की बिझनेस केस (हा खर्च का करायचा याचं लेखी समर्थन) लिहायची, आणि त्यात 'काहीच बदल न करणे' हाही एक पर्याय म्हणून तपासून दाखवायचा. सेवा बंद करायची किंवा दुसरीकडे हलवायची असेल, तर 2006 च्या एनएचएस कायद्यानुसार लोकांना त्या विचारात सामील करून घेणं बंधनकारक आहे.

हे सगळं संथ आहे, आणि त्या संथपणाची किंमत रुग्ण मोजतात. एखादं यंत्र महिनोन् महिने मंजुरीत अडकलेलं पाहिलं की माझा आजही जीव तुटतो. पण या रचनेमागे इतिहास आहे आणि तो माहीत नसेल तर चिडचिडच होईल. 1948 साली एनएचएस सुरू झाली. पुढे हॉस्पिटलं बरीच वर्षं सगळ्यांच्या सहमतीने चालायची, कुणा एकावर जबाबदारी नसायची. 1983 मध्ये सरकारने सेन्सबरीज या दुकानसाखळीतले रॉय ग्रिफिथ्स यांना पाहणी करायला सांगितलं. त्यांच्या अहवालाचा गाभा एवढाच होता, की इथे प्रमुख कोण आहे तेच सापडत नाही. त्यानंतर जनरल मॅनेजर हे पद आलं. म्हणजे आपलं पदच जबाबदारी कुणाची या प्रश्नातून जन्मलेलं आहे. डॉक्टर आणि नर्सेस मॅनेजरकडे जरा रोखून बघतात त्याची मुळंही तिथलीच.

आता तुमचा दुसरा प्रश्न, नेतृत्व म्हणजे इथे काय धरतात. व्याख्या सांगण्यापेक्षा हिवाळ्यातली एक सकाळ सांगते. साडेआठची बेड मीटिंग. साइट मॅनेजर आकडे वाचतेय: इमर्जन्सीत 19 जण वॉर्डच्या खाटेसाठी थांबलेत, त्यातले काही रात्रीपासून ट्रॉलीवर. घरी सोडता येतील असे 11, पण त्यातल्या निम्म्या लोकांची घरी काळजी कोण घेणार ते ठरलेलं नाही. ओपेल 4 जाहीर झालेलं, म्हणजे दबावाच्या चार पातळ्यांतली सर्वांत वरची. चीफ ऑपरेटिंग ऑफिसरने सुचवलं की डे सर्जरीच्या रिकाम्या भागात सहा खाटा उघडू. त्यावर वॉर्डची सिस्टर म्हणाली, "आज माझ्याकडे दोन नर्सेस कमी आहेत. सहा खाटा मी सुरक्षितपणे सांभाळू शकत नाही. मी याला तयार नाही."

कुणी आवाज चढवला नाही. तो ऑफिसर तिच्यापेक्षा कितीतरी वरचा. त्याने विचारलं, "किती सांभाळता येतील, आणि त्यासाठी काय लागेल?" ती म्हणाली, ओपीडीतून एक नर्स दिली तर तीन. तीन ठरल्या. सांधेरोपणाच्या दोन शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या, कॅन्सरच्या एकीलाही हात लावला नाही. ढकललेल्या रुग्णांना सर्जनने स्वतः फोन केले. आणि हे सगळं तिथेच लिहिलं गेलं: काय ठरलं, कोणत्या माहितीवर ठरलं, कुणी काय हरकत घेतली, आणि दुपारी दोनला पुन्हा बघायचं ते. मी त्या खोलीत होते. नेतृत्व म्हणून मला विचाराल तर तो प्रश्न विचारणं, आणि तो विचारला जाईल असा त्या सिस्टरला वाटणारा भरवसा. इमर्जन्सीतल्या 95 टक्के लोकांना चार तासांत दाखल करावं, दुसरीकडे हलवावं किंवा घरी सोडावं असं उद्दिष्ट कागदावर आहे. देशपातळीवर ते 2015 नंतर गाठलं गेलेलं नाही. त्यामुळे अशी ओढाताण रोजची आहे, आणि आकडा राखायला वॉर्ड धोक्यात घालायचा मोहही रोजचा आहे.

तो मोह कुठे नेतो ते इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड या गावाने दाखवलं. 2005 ते 2009 या काळात तिथल्या हॉस्पिटलात रुग्णांची भयंकर हेळसांड झाली. बोर्डाचं लक्ष पैशांचा ताळमेळ, उद्दिष्टं आणि फाउंडेशन ट्रस्टचा (जास्त स्वायत्तता असलेल्या ट्रस्टचा) दर्जा मिळवणं याकडे होतं. माणसं कमी केली गेली. नर्सेसनी मनुष्यबळ अपुरं असल्याच्या नोंदी केल्या, नातेवाइकांनी तक्रारी केल्या, पण वर पोचेपर्यंत त्यांची धार गेली. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी 2013 मध्ये आला, त्यात 290 शिफारशी आहेत. सगळा वाचणं अवघड आहे, पण सारांश तरी वाचूनच या. विमान पकडण्याआधी एकच गोष्ट वाचणार असाल तर ती ही.

त्यातूनच नोव्हेंबर 2014 पासून एनएचएसच्या संस्थांवर 'ड्यूटी ऑफ कँडर' आली. उपचारात रुग्णाला ठरावीक गंभीरतेची इजा झाली तर ती स्वतःहून सांगायची, माफी मागायची आणि लेखी कळवायचं. आपल्याकडून येणाऱ्यांना इथे धडकी भरते, कारण माफी म्हणजे कबुली आणि कबुली म्हणजे कोर्ट अशी मनात गाठ असते. इथल्या कायद्यात नुसती माफी म्हणजे दोष कबूल केला असं धरलं जात नाही. हे पहिल्या दिवसापासून पक्कं मनात ठेवा. वाईट बातमी वरच्याला कमी करून सांगायची सवय असेल तर ती सोडूनच या. शिष्टाचार म्हणून ती आपल्या अंगात मुरलेली असते, इथे तिने माणसं दगावतात.

मुलाखतीचं सांगते. आपल्याकडचे उमेदवार उत्पन्न किती वाढवलं, खाटा किती भरल्या हे सांगतात. पॅनल विचारतं, वरिष्ठांशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत? सुरक्षितता आणि पैसा यांत ताण आला तेव्हा कुणाकुणाला विचारलंत, आणि नंतर ते कसं निघालं? अशा दोन-तीन खऱ्या घटना घोळून तयार ठेवा, निर्णय चुकीचा ठरलेली एक तरी त्यात असू द्या. ज्या ट्रस्टला अर्ज करताय तिथल्या बोर्डाची कागदपत्रं संकेतस्थळावर खुली असतात, शेवटच्या दोन-तीन बैठकांची वाचा. सीक्यूसीचा (आरोग्यसेवांची तपासणी करणाऱ्या इथल्या संस्थेचा) तपासणी अहवालही बघा, त्यात नेतृत्व कसं आहे यावर वेगळा शेरा असतो. ट्रस्ट कसा आहे हे जाहिरातीतून कळत नाही, या दोन कागदांतून बऱ्यापैकी कळतं.

मार्च 2025 मध्ये सरकारने एनएचएस इंग्लंड ही मधली संस्था मोडीत काढून काम मंत्रालयाकडे न्यायचं जाहीर केलं. त्यामुळे प्रादेशिक आणि वरच्या कार्यालयांतल्या जागांच्या मागे आत्ता लागू नका. हॉस्पिटलच्या आतल्या ऑपरेशन्सला माणूस लागतोच. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये बहुतेक हॉस्पिटलं ट्रस्टऐवजी हेल्थ बोर्ड चालवतात, तिकडे अर्ज करणार असाल तर तिथली रचना वेगळी वाचावी लागेल.

बँड (म्हणजे इथली पगारश्रेणी) कुठला, हे शेवटी विचारलंयत. नऊ वर्षांच्या अनुभवावर थेट 8सी ला अर्ज करावासा वाटेल. माझं मत 7 किंवा 8ए ला करा. पगार कमी वाटेल, पण वॉर्डच्या जवळ राहाल, आणि इथला निर्णय कसा पिकतो ते वॉर्डच्या जवळच कळतं. अर्जातल्या सपोर्टिंग इन्फर्मेशनला (आपण या कामाला योग्य का, ते लिहायच्या भागाला) पॅनल गुण देतं, ते पर्सन स्पेसिफिकेशनमधल्या (पदासाठी काय काय हवं त्या यादीतल्या) एकेका अत्यावश्यक मुद्द्यासमोर. तेव्हा तयार बायोडाटा तिथे चिकटवू नका. मुद्दे त्याच क्रमाने घ्या आणि प्रत्येकाखाली तुमच्या कामातला एक प्रसंग लिहा.